उशिरा आलेल्या गृहपाठाचे गुण कापावेत का?

प्रश्न : माध्यमिक शिक्षिका, सत्तरी
मी सहावी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. आमच्या शाळेत नियम असा आहे की, दिलेल्या तारखेनंतर दर दिवसाला दोन गुण कापायचे आणि आठवडा उलटला की शून्य द्यायचे. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीनंतर सहावीतील एका मुलीची प्रकल्पवही आठवड्याहून अधिक उशिरा आली. तिने फणसाचे, भिरंडाचे (कोकमाचे) आणि केळीचे पान वाळवून चिकटवले होते, शिरा पेन्सिलीने ठळक केल्या होत्या आणि जाळीदार कोणत्या, समांतर कोणत्या, हे स्वतःच्या शब्दांत लिहिले होते. नियमाप्रमाणे तिला शून्य द्यावे लागते. मात्र नियम सैल केला, तर वेळेवर वही देणाऱ्या मुलांवर अन्याय होईल, असेही वाटते. आपल्या शाळांत काय पद्धत आहे?

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, फोंडा
बाई, शून्य म्हणजे काहीच येत नाही, आणि या मुलीच्या बाबतीत ते धडधडीत असत्य आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम २९ मध्ये मूल्यमापनाचा उल्लेख आहे तो मुलाच्या आकलनाच्या आणि ते ज्ञान वापरण्याच्या क्षमतेच्या संदर्भात. हा कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणाला लागू असल्याने आपल्या सहावीच्या वर्गाने तेच प्रमाण मानावे. हिशेबही करून पाहा. तीन कामांत १०० पैकी ८०, ७५ आणि ८५ गुण मिळवणाऱ्या मुलाची सरासरी ८० येते. चौथ्या कामाला शून्य दिले की ती ६० वर येते, आणि प्रगतिपुस्तक हाती घेणाऱ्या पालकाला आपले मूल विषयात कच्चे आहे की वह्या उशिरा देते, हे समजण्याचा मार्गच उरत नाही. म्हणून गुण विषयाचे द्यावेत आणि वक्तशीरपणाची नोंद वेगळ्या रकान्यात, तारखेसह करावी. काम मात्र माफ करू नये. शाळेतच मोकळ्या तासाला बसवून ते पूर्ण करून घ्यावे.

उत्तर : पालक, काणकोण
सरांचे म्हणणे पटते. एक विनंती आहे. माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची आरास) बांधण्यापासून विसर्जनापर्यंत घर माणसांनी भरलेले असते आणि मुलांना वही उघडायला कोपराही मिळत नाही. तरीही तीन-तीन विषयांचे प्रकल्प सुट्टी संपल्याच्या पहिल्याच दिवशी मागितले जातात. तारखा ठरवताना शिक्षकांनी आपसांत बोलून घेतले, तर निम्मा उशीर आपोआप टळेल.

उत्तर : विज्ञान शिक्षक, डिचोली
नववी-दहावीला एवढी मोकळीक देता येत नाही, असे माझे मत आहे. दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे गुण मंडळाकडे मुदतीत पाठवावे लागतात आणि ती मुदत शाळेच्या हाती नसते. शिवाय उशिरा येणाऱ्या जर्नलांत आधी तपासलेल्या वह्यांतील निरीक्षणे जशीच्या तशी उतरवलेली आढळतात, अगदी चुकलेल्या वाचनांसह. त्यामुळे मी दोन तारखा देतो. पहिल्या तारखेला आलेली वही सूचना लिहून परत करतो, विद्यार्थी ती सुधारून दुसऱ्या तारखेला देतो आणि गुण त्या सुधारित कामाला मिळतात. पहिली तारीख चुकवणाऱ्याचे गुण मी कापत नाही, परंतु सुधारण्याची संधी त्याने गमावलेली असते, आणि प्रयोगावर दोन तोंडी प्रश्न विचारल्याशिवाय मी त्याचे जर्नल स्वीकारत नाही. वेळेवर काम करणाऱ्या मुलांना यात स्पष्ट लाभ दिसतो. अन्यायाची तक्रार माझ्या वर्गातून आलेली नाही.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनःपूर्वक आभार. त्या वहीला शून्य न देता कामाच्या दर्जाप्रमाणे गुण द्यावेत आणि प्रगतिपुस्तकात वेगळा रकाना असावा, असा लेखी प्रस्ताव मी मुख्याध्यापकांकडे देत आहे. डिचोलीच्या सरांना एकच विचारायचे आहे : दहावीच्या जर्नलांसाठी आपण पहिली तारीख नाताळच्या सुट्टीआधी ठेवता की नंतर?