पहिल्याच बाळंतपणात मलेरिया का?

प्रश्न असा की आफ्रिकेत लहानपणापासून मलेरिया सोसलेल्या बायकांना पहिल्या गरोदरपणात तो पुन्हा एवढा का छळतो. ‘प्रतिकारशक्ती घटते’ एवढंच उत्तर मला अपुरं वाटतं.

मलेरियाच्या फॅल्सिपेरम परजीवीकडे सुमारे ६० ‘व्हार’ जनुकं असतात; प्रत्येक जनुक लाल रक्तपेशीवर प्रथिनाचा वेगळा मुखवटा चढवतं. त्यातलं बहुधा एकच तो एका वेळी वापरतो. त्यातल्या व्हार-२-सीएसए या जनुकाचा मुखवटा वारेतल्या (गर्भाला पोसणाऱ्या अवयवातल्या) काँड्रॉइटिन सल्फेट ए या रेणूला चिकटतो. (वारेतल्या परजीवींची ही खोड फ्राइड आणि डफी या संशोधकांनी १९९६ साली केनियातल्या संशोधनातून दाखवली.) गरोदरपणाआधी वारच नसते, मग हा मुखवटा शरीराला ओळखीचा कसा होणार? म्हणून पहिलटकरणीला धोका सर्वाधिक. पुढच्या खेपांना प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार असतात.

पण हे जनुकही सगळीकडे सारखं नसतं, आणि एकाच वारेत त्याचे अनेक वाण (प्रकार) सापडतात. याच मुखवट्याविरुद्धच्या पॅमव्हॅक आणि प्रिमव्हॅक या लशींच्या पहिल्या चाचण्यांत प्रतिपिंडं भरपूर तयार झाली, पण ती मुख्यतः लशीतल्याच वाणाविरुद्ध. घोडं तिथंच अडलंय. कमी वजनाची बाळं जन्मतात ती याच आयांच्या पोटी, म्हणून असे वाण किती आहेत याची मोजदाद मला फार मोलाची वाटते.