मदत हवी आहे: घोडी रेवाल (धक्के न देणारी जलद चाल) सुरेख चालते, पण तिला सवारीची शिकलेली घोडी म्हणता येईल का?

तापीकाठ:
नमस्कार मंडळी. शहादा तालुक्यात आमची केळी-पपईची शेती आहे. १५ वर्षांच्या पुतणीला घोडेस्वारीचं वेड आहे आणि मलाही शेतात चक्कर मारायला घोडी हवी आहे. सारंगखेड्याची यात्रा जवळच, त्यामुळे दत्तजयंतीला घोडे पाहत लहानाचे मोठे झालो. पण आजवर विकत घ्यायच्या नजरेनं कधी पाहिले नव्हते.

यात्रेत एका व्यापाऱ्याकडे कुमैत (तांबूस तपकिरी) रंगाची मारवाडी घोडी पाहिली. ५ वर्षांची सांगतात. रेवाल अशी की वर बसलेल्या माणसाचं डोकंही हलत नाही. ढोल वाजला की पुढचे पाय उचलून नाचते, लोकांची गर्दी जमते. पण मी रिकिबीत पाय घातला आणि ती चालूच लागली. दोघांनी धरली तेव्हा कुठे बसता आलं. लगाम जरा आवळला की मान वर झटकते. सोबतच्या घोड्यांपासून लांब नेली तर खिंकाळते आणि तिरकी होत मागे वळते. व्यापारी म्हणतात, "पाणीदार जनावर आहे, बसाल तशी सवय होईल."

हा तिचा स्वभाव समजायचा की शिकवण कमी पडली? मुलीला बसवायचं आहे, त्यामुळे नुसत्या देखणेपणावर मला पैसे घालायचे नाहीत. जाणकारांनी कृपया सांगा.

खरारा (धुळे):
भाऊ, इसार दिला नसेल तर अजून देऊ नका.

रेवाल पुष्कळशा मारवाडी आणि काठेवाडी जनावरांच्या रक्तातच असते. सराव देऊन ती पक्की करतात. ती छान आहे म्हणजे घोडी सवारी शिकली, असं होत नाही. नाचाबद्दल मात्र तुम्ही सावध राहावं. सवारीत टाच म्हणजे पुढे हो आणि लगाम म्हणजे थांब. नाचकामात टाच आणि ताणलेला लगाम बहुधा एकाच वेळी मिळतात, म्हणून घोडं जागच्या जागी उसळायला शिकतं. आता नवखा स्वार घाबरला की काय करतो? लगाम आवळतो आणि टाचा रुतवून धरतो. बिचारं जनावर शिकवल्याबरहुकूम वर उठतं. मुलीसाठी मला हे खरंच धोक्याचं वाटतं.

मी घोडं पाहायला गेलो की चाल सगळ्यात शेवटी पाहतो. आधी तबेल्यात मोहरकी (तोंडावरची दोरी) घालू देतं का, चारही खूर उचलून साफ करू देतं का, तंग (जिनाचा पोटाखालचा पट्टा) कसताना चावायला वळतं का. मग कोणी न धरता, लगाम सैल सोडून चढायचं. स्वार बसून रिकिबी नीट करेपर्यंत शिकलेलं घोडं उभं राहतं. तुमची घोडी इथेच अडली. पुढे सैल लगामावर साधी पावलं चालवा. यात पाहण्यासारखं काही नसतं म्हणून गिऱ्हाईक ते पाहतच नाही, पण तोंड हलकं आहे की नाही, म्हणजे लगामाचा हलका इशारा ऐकते का, ते इथे समजतं. मग दौडीवरून दुडकी (उसळती मधली चाल), दुडकीवरून चाल, मग थांबा. स्वार बैठक जड करून नुसती बोटं मिटतो तेवढ्यावर ती उतरते, की दोन्ही हातांनी ओढावं लागतं? डावीकडे गोल फिरवा, उजवीकडेही फिरवा. एका बाजूला खांदा बाहेर टाकत असेल तर काम एकाच अंगावर झालंय. चार पावलं सरळ मागे सरकवून बघा.

आणि एकटी बाहेर न्या. ट्रॅक्टर, उसाची गाडी, उडणारी प्लास्टिकची पिशवी. बिचकली तर बिचकू द्या, त्यात तिचा दोष नाही. बिचकल्यावर तिचा कान स्वाराकडे किती लवकर परत वळतो तेवढं पाहा.

जाताना कळवून जाऊ नका. आधीच पळवून दमवलेली नाही ना, यासाठी जीन उतरवून घामाच्या खुणा बघा. पहिल्यांदा व्यापाऱ्याच्या माणसालाच बसू द्या.

गुरांचे_डॉक्टर (अमळनेर):
मान झटकण्याला शिकवणीचा दोष म्हणण्याआधी दुखणं आहे का ते बघा. कडियाळं (लगामाचा तोंडातला लोखंडी भाग) काटेरी आहे का? जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनी काटेरी कडियाळ्याला बंदी आहे, तरी सर्रास वापरतात. ओठांचे कोपरे, जीभ आणि कडियाळं टेकतं ती दात नसलेली हिरडी तपासा. दाढांच्या पुढे कधी एक बारीकसा दात असतो, त्यालाही कडियाळं लागतं. दाढांना धार आली असेल तर ती घासून घ्यावी लागते. पाठ हाताने दाबून पाहा, जीन बसत नसेल तर ती अंग चोरेल.

वयही दातांवरून पाहा. कोपऱ्याचे कायमचे दात साधारण साडेचार वर्षांना येतात. पाठीच्या मणक्यांची वाढ त्यानंतरही वर्षभर चालू असते, त्यामुळे घोडी सांगतात त्याहून लहान असेल तर जड स्वार नको. ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा अहवाल मागाच, हा रोग माणसालाही होतो.

आप्पा_नंदुरबार:
घोडी चांगली शे भाऊ, उगाच भिवडवू नका त्यांना. रेवालवर दिवसभर बसलं तरी कंबर दुखत नाही, दुडकीवर बसून दाखवा! लांबच्या वाटेला रेवालच हवी.

खरारा (धुळे):
आप्पा, रेवालबद्दल तुमचं म्हणणं सोळा आणे खरं, मलाही तीच चाल आवडते. माझी हरकत तिच्या उभं न राहण्याला आहे. जी घोडी चढताना थांबत नाही ती उतरतानाही थांबणार नाही, आणि मुलीचा पाय रिकिबीत अडकला तर?

तापीकाठ:
सगळ्यांचे आभार. आज सकाळी न सांगता गेलो. कडियाळं काटेरीच निघालं, ओठाच्या कोपऱ्याला जुना व्रणही होता. आमचं साधं कडियाळं घालून त्यांच्या माणसाला बसवलं तर मान झटकणं बरंच कमी झालं. पण एकटी फाट्यापर्यंतसुद्धा गेली नाही, आणि चढताना तीच गडबड. वाईट वाटलं, जनावर गुणी आहे.

त्यांच्याकडेच एक भीमथडी (दख्खनी जातीची) घोडी आहे, ११ वर्षांची, दिसायला साधी. खूर उचलू दिले, एकटी कालव्यापर्यंत जाऊन आली, पुतणी चढून बसेपर्यंत हलली नाही. सवारीसाठी ११ वर्षं जास्त होतात का?

गुरांचे_डॉक्टर (अमळनेर):
अजिबात नाही. निगा चांगली असेल तर विशीपर्यंत हलकी सवारी देते. शिकाऊ मुलीला अशीच वयस्क, अनुभवी घोडी हवी. आधी कडक जमिनीवर दुडकीत पळवून लंगडते का बघा. खूर आणि दात मी येऊन तपासतो, निरोपातून गाव कळवा.

खरारा (धुळे):
हीच घ्या. आणि तिचं आत्ताचं कडियाळं, जीन सगळं तिच्यासोबतच मागून घ्या. नवं सामान सावकाश बदलता येईल.