भुतं-राक्षस शोधणारे टीव्ही शो : सापडत काहीच नाही, तरी का बघता? अनुभव लिहा

'फाइंडिंग बिगफुट' (बिगफुट म्हणजे जंगलात असतो म्हणतात तो केसाळ, माणसासारखा राक्षस) कोणी कोणी बघायचं, हात वर करा. २०११ ते २०१८ अ‍ॅनिमल प्लॅनेटवर होता, चार माणसं रात्री जंगलात जायची, बहुतेक वेळा अमेरिकेतल्याच, लाकडाने झाडावर ठोकायची, तोंडाभोवती हात धरून लांबलचक हाळी घालायची, मग पलीकडच्या डोंगरात काहीतरी ओरडलं की एकमेकांचे दंड धरून 'ऐकलंस? ऐकलंस?' आणि संपला एपिसोड. नावात फाइंडिंग, आणि सात वर्षांत बिगफुटचा एक केस पण नाही.

तरी मी बघितलाय, रिपीटसकट. त्यातली रनाय हॉलंड मला फार आवडायची, चौघांत तीच एक बायोलॉजिस्ट आणि तीच एक न मानणारी, बाकी तिघं उड्या मारतायत आणि ही थंडपणे सांगतेय की घुबड असेल. आणि तो धिप्पाड बोबो, कोणी म्हणालं मला अमुक झाडाजवळ बिगफुट दिसला की बोबोला तिथे नेऊन उभं करायचे, याच्यापेक्षा उंच होता का बुटका. पण खरी मजा गावसभेत. गावातल्या हॉलमध्ये लोक जमायचे, कोणाकोणाला दिसलाय विचारलं की भराभर हात वर, मग कोणी आजोबा, कोणी ट्रकवाला, कोणी शाळकरी पोरगी उठून आपापली गोष्ट सांगायची. ती माणसं इतकी मन लावून बोलायची की त्यांना खोटं म्हणवत नाही.

तर लिहा, कोणते शो बघता, कोणाबरोबर बघता, मजा नक्की कशात येते. भूत असतं की नसतं हा वाद प्लीज इथे नको.

*

आमच्याकडे 'डेस्टिनेशन ट्रुथ'. जॉश गेट्स. हा शो आमच्या घरात कधी भुताचा म्हणून बघितलाच गेला नाही, कारण बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले आणि जॉश गेट्स कुठल्याही देशात गेला की त्याची भाड्याची गाडी बंद पडायचीच. बाबा त्याचीच वाट बघत बसायचे. बॉनेट उघडलं की पुढे सरकून म्हणायचे, क्लच गेलाय याचा, ढकलून काय होणारे. राक्षस दिसायची वेळ आली की ते झोपायला जायचे.

पण खरंच, त्या शोने मला जेवढं जग दाखवलं तेवढं 'चला बघूया स्वित्झर्लंड' टाइपच्या शोने नाही दाखवलं, कारण यांना हॉटेल आणि शॉपिंगमध्ये रसच नाही, हे थेट गावात जाऊन विचारणार की नदीत काय राहतं सांगा. त्याच्या आधी बाजारातलं काहीतरी विचित्र खाऊन घेणार आणि पडक्या विमानात बसणार. २००७ मध्ये नेपाळमध्ये त्यांना यतीच्या पावलाचा ठसा मिळाला म्हणून बातम्या झाल्या होत्या, त्याचा साचा नंतर गेला कुठे माहितीये? फ्लोरिडाच्या डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडममध्ये, यतीची जी रोलर कोस्टर आहे तिथे. मला वाटतं योग्य ठिकाणी गेला.

*

आम्ही काही वर्षं इंग्लंडमध्ये होतो, लेस्टरला, तिथे 'मोस्ट हॉन्टेड'चं प्रचंड वेड, २००२ ला सुरू झालेला शो. जुने वाडे, जेल, पब, सगळे लाइट बंद आणि इवेट फिल्डिंगबाई किंचाळतायत. त्यात डेरेक अकोरा म्हणून एक मीडियम होते ज्यांच्या अंगात यायचं. हे वाचून हसू नका, आपल्याकडे अंगात येतं तसंच, फक्त लिव्हरपूलच्या अ‍ॅक्सेंटमध्ये.

मग २००५ मध्ये शोच्याच पॅरासायकॉलॉजिस्टने, किरन ओकीफ, पेपरात भांडं फोडलं. त्याला डेरेकचा संशय होता म्हणून बॉडमिन जेलच्या शूटिंगच्या आधी त्याने मनानेच एक दक्षिण आफ्रिकन जेलर रचला, नाव क्रीड केफर, आणि ते नाव डेरेकच्या कानावर जाईल अशी सोय केली. झालं, शूटिंगला डेरेकच्या अंगात क्रीड केफर हजर! आणि त्या नावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट लावली की होतं डेरेक फेकर. तक्रारी गेल्या, ऑफकॉमने, म्हणजे तिथल्या टीव्हीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, त्याच वर्षी सांगून टाकलं की हा काही खरा तपास नव्हे, हा मनोरंजनाचा शो आहे.

आता गंमत बघा, त्यानंतर मी तो जास्त आवडीने बघायला लागले. आधी उगाच मनात असायचं की आपल्याला हे फसवतायत का, सरकारी शिक्का बसल्यावर ते टेन्शनच गेलं, नाटक म्हणून बघायचं आणि डेरेकला दाद द्यायची, आवाज काय काढायचा माणूस.

*

फसवणूक मनोरंजन म्हणून खपवायला माझा विरोध. मी सायन्सचे क्लास घेतो. अ‍ॅनिमल प्लॅनेटने २०१२ मध्ये जलपऱ्यांवर एक 'डॉक्युमेंटरी' दाखवली, शास्त्रज्ञ म्हणून बोलणारे सगळे नट, आणि लोकांनी ती इतकी खरी धरली की अमेरिकेच्या नोआ या सरकारी समुद्रसंस्थेला जाहीर करावं लागलं की पाण्यात राहणाऱ्या माणसांचा कुठलाही पुरावा मिळालेला नाही. पुढच्या वर्षी डिस्कव्हरीने तेच मेगालोडॉन शार्कबद्दल केलं. लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला मासा! पोरं वर्गात येऊन मला सांगायची, सर तुम्हाला माहीत नाही, डिस्कव्हरीवर दाखवलंय. भुताच्या शोला निदान सगळे भुताचा शो म्हणून बघतात. ज्या चॅनलवर पेंग्विन बघायचे त्याच चॅनलवर ही थाप, हे नाही पटत.

*

क्लासवाल्या सरांना +१. यात मजा कशी आणि कोणाला येणार, धाग्यातच नाही बसत ते. (धागाकर्ती)

*

माझी आजी सिंधुदुर्गातली, तिला हिंदीही धड कळायची नाही पण 'रिव्हर मॉन्स्टर्स' लागला की कोणी चॅनल बदलायचा नाही. जेरेमी वेड कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला की ही सोफ्यावरून ओरडणार, "त्येका सांगा रे कोणीतरी, तिन्हीसांजेचो पाण्यात उतरां नको!" तिच्या लेखी तो मासा बिसा नव्हता, पाण्यात गिऱ्हा असतो आणि तो माणसाला ओढतो, गोऱ्याला कोणी सांगितलं नाही एवढंच. मग एपिसोडच्या मधल्या वेळात तिचा शो सुरू व्हायचा, कुठल्या कोंडीत कोण बुडालं, देवचार रात्री हद्दीवरून काठी आपटत कसा जातो, मुंजा कुठल्या पिंपळावर. आमच्या पिढीला हे सगळं जेरेमी वेडमुळे ऐकायला मिळालं, नाहीतर कोण विचारत होतं आजीला.

तिचा लाडका भाग काली नदीचा, भारत-नेपाळ हद्दीवरचा. तिथे पोहायला उतरलेली माणसं पाण्याखाली ओढली गेल्याच्या गोष्टी होत्या, आणि वेडला तिथे गूंच मिळाला, पाणमांजर नव्हे मगर नव्हे, कॅटफिश, सहा फुटी आणि साधारण ७३ किलोचा. नदीकाठच्या चितांमधलं अर्धवट जळलेलं मिळून मिळून या माशाला माणसाची चटक लागली असावी असा एक अंदाज. आजी म्हणाली, ह्योच गिऱ्हा.

आणि मुद्दा असा की या एकाच शोमध्ये शेवटी काहीतरी हाताला लागायचं, पण म्हणूनच तो २०१७ ला संपला, वेडने सांगितलं की दाखवण्यासारखे मोठे मासे दाखवून झाले. बिगफुटवाल्यांना ही अडचण कधीच येणार नाही.

*

इलेक्ट्रिकलवाला आहे. 'घोस्ट हंटर्स' का आवडतो सांगतो, जेसन हॉज आणि ग्रँट विल्सन हे मूळचे प्लंबर, दिवसा पाइप दुरुस्त करायचे आणि रात्री भुतं. त्यामुळे तळघरात ठक ठक झालं की आधी पाइपलाइन बघायचे, हा गुण बाकीच्यांत नाही. बाकी शोमध्ये तो के-टू मीटर पेटला की आत्मा आला, अरे बाबा ते चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र आहे, जुनं वायरिंग, फ्यूज बोर्ड, खिशातला मोबाइल, कशानेही पेटतं. मी आणि रूममेट पैज लावायचो, यावेळी कशामुळे. हरणाऱ्याने चहा करायचा. फोटोतले गोल गोळे म्हणजे फ्लॅशमधली धूळ, हे तर पोरंही सांगतात आता.

विक टँडी नावाच्या इंग्लिश इंजिनिअरचं नाव शोधून वाचा. लॅबमध्ये त्याला कडेला राखाडी आकृती दिसायची, घाम फुटायचा, शेवटी निघाला एक पंखा, १९ हर्ट्झच्या आसपासचा आवाज, कानाला ऐकू न येणारा. १९९८ मध्ये त्याने त्यावर पेपर लिहिला. पुढे सगळ्यांना हे स्पष्टीकरण पटलं असं नाही पण पंखा बंद केल्यावर भूत गेलं ही गोष्ट मला कुठल्याही सीझन फिनालेपेक्षा भारी वाटते.

*

माउंटन मॉन्स्टर्स!!! दाढीवाले काका लोक, वेस्ट व्हर्जिनिया, दर एपिसोडला घराएवढा सापळा बांधतात आणि दर एपिसोडला तो रिकामा. नाइट शिफ्टला हसून हसून मेलो आहे.

*

वेस्ट व्हर्जिनिया निघालंच आहे तर, आम्ही कोलंबस, ओहायोला राहतो, तिथून दोनेक तासांवर पॉइंट प्लेझंट, मॉथमॅन नावाच्या पंखवाल्या राक्षसाचं गाव. शोमध्ये बघून नवऱ्याने हट्टच धरला आणि नेमके सासू-सासरे आलेले. गावाच्या मधोमध मॉथमॅनचा स्टीलचा पुतळा, पंख, लाल डोळे, आणि मागची बाजू इतकी पीळदार की लोक मागूनच फोटो काढतात. सासूबाईंनी आधी नमस्कार केला मग विचारलं हे कोण. म्युझियम, टी-शर्ट, सप्टेंबरात जत्रा भरते, सगळं गाव त्यावर चालल्यासारखं.

पण नदीवर गेलो आणि मूड बदलला. १९६६-६७ मध्ये लोकांना तो पंखवाला दिसत होता म्हणतात, आणि १५ डिसेंबर १९६७ ला संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये सिल्व्हर ब्रिज ओहायो नदीत कोसळला, ४६ माणसं गेली. कारण सापडलेलं आहे, लोखंडाच्या एका पट्टीला गेलेला बारीक तडा. शोमध्ये पुलाच्या आधी दोन मिनिटं भीतिदायक म्युझिक आणि तड्याला एक वाक्य. सासरे पीडब्ल्यूडीत होते, ते त्या जागी बराच वेळ उभे राहिले आणि गाडीत बसल्यावर घरापर्यंत पुलांच्या तपासणीवरच बोलले. तेव्हापासून मॉथमॅनचा एपिसोड लागला की मी दुसरं काहीतरी लावते, बाकी सगळे शो चालतात.

*

पुणे. शनिवारवाड्याजवळ आमचं दुकान. एका हिंदी न्यूज चॅनलची टीम आलेली, काका मला वाचवा. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, तेवढी तारीख त्यांच्याकडे बरोबर होती, पुढचं सगळं आमच्याकडून हवं होतं. रात्री आवाज येतो का? मी म्हटलं येतो, बसचा, रिक्षाचा, विसर्जनाला तर विचारू नका. ते नाही घेतलं. पलीकडच्या चहावाल्याने मात्र अमावस्या, किंकाळी, कुत्री रडतात, सगळं डोळे मोठे करून सांगितलं, त्याचा बाईट दिवसभर फिरत होता. महिनाभर लोक सेल्फी काढायला त्याच्याकडे. मला विचाराल तर बेस्ट अभिनेता तोच.

*

यतीवरून आठवलं, एप्रिल २०१९ चं आपल्या आर्मीचं ट्वीट कोणीच कसं नाही लिहिलं? मकालू बेस कॅम्पजवळ ३२ बाय १५ इंचाचे ठसे, फोटोसकट. आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. नेपाळवाले म्हणाले अस्वल असेल. आमचे एक काका फौजेतून निवृत्त, त्यांना विचारायची कोणाची हिंमत होईना, शेवटी आत्याने विचारलंच. काकांनी फोटो मोठा करून बघितला, ठसे एकाच रेषेत एकामागे एक होते, आणि लिहिलं, "यती असो नाहीतर अस्वल, लंगडी खेळत होता."