सैराटचा शेवट उगाच नाही

वर एकजण म्हणायलेत की 'सैराट'चा शेवट नुसता धक्का द्यायला ठेवलाय, मला नाही पटत भाऊ. बीडला थेटरात झिंगाटवर पोरं नाचायली होती आन शेवटी पोरीच्या घरचे जातीपायी नवरा-बायकोला मारतेत तवा आवाजच बंद, त्यांचं लेकरू रक्ताचे पाय उमटवत बाहेर येतं तवा शिट्ट्या मारणारे गप्गार, आपल्याकडं असल्या बातम्या वाचूनबी लोक निवांत चहा पितेत म्हणून तसाच शेवट पाहिजे होता. जातीवरचे जुने हिंदी सिनेमे बघा, १९३६ च्या 'अछूत कन्या'त नायिका रेल्वेखाली जाते, १९५९ च्या 'सुजाता'त दलित पोरीनं रक्त दिल्यावरच सांभाळणारी आई तिला लेक मानते (म्हणजे रक्त द्यावंच लागतंय!). २०१८ च्या 'धडक' ह्या 'सैराट'च्या हिंदी रिमेकनं मात्र गोष्ट उदयपूरला नेली आन जातीचा विषयच पातळ केला, मग रिमेक कशाचा केला राव?