साडेचार वर्षांच्या मुलीबरोबर वसंतात काय करू? (ट्युलिप सोडून)

गॅलरीतली_आई:
नमस्कार मंडळी. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, लेक साडेचार वर्षांची. बालवाडीला सुट्टी लागली आणि माझं काम घरूनच. सकाळी साडेसात ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर, एवढाच वेळ हातात. नेटवरून 'वसंत ऋतू'चे रंगवायचे कागद छापले, तर त्यात ट्युलिप, ससे आणि रंगीत अंडी. लेक म्हणाली, "आई, हे फूल आपल्या खाली कुठंय?" काय सांगणार? बागेत नेलं तर घसरगुंडीवरून हलत नाही. पसारा चालेल, पण विकतचं सामान नको. काहीतरी सुचवा.

कसब्यातली_आजी:
अगं, ते कागद वाणसामानाच्या याद्यांना ठेव, पाठकोरे आहेत ना!

मी ३१ वर्षं बालवाडी चालवली, आता नातू सांभाळते. तुला एकच सांगते, दहा गोष्टी करायला जाऊ नकोस. एक झाड धर आणि रोज त्याच झाडाखाली जा. आमचा कडुलिंब आहे. नातवाने त्याचं नाव 'लिंबूकाका' ठेवलंय. लिंबाचं आणि कडुलिंबाचं झाड वेगळं, हे सांगून थकले, नाव काही बदलत नाही. फाल्गुनात पिवळी पानं गळत होती, मग तांबूस पालवी फुटली, ती हिरवी झाली आणि आता खाली बारीक पांढऱ्या फुलांचा सडा. दर तीन-चार दिवसांनी तो एक पान वहीत खळीने चिकटवतो. तारीख मी घालते. परवा वही उलटी धरून म्हणाला, "आजी, आधी म्हातारं पान आणि मग बाळ!" हे मी शिकवलेलं नाही.

सड्यातलं फूल उचलायचं आणि पाकळ्या मोजायच्या. कडुलिंबाच्या पाच, सदाफुलीच्या पाच, जास्वंदीच्याही पाच. मग म्हणायचं, चार पाकळ्यांचं फूल शोधून आण. अर्धा तास निश्चिंत. (कुंपणाला एक्झोरा असेल तर त्याच्या चार. पण लगेच सांगू नकोस.)

आता कानाचं काम. ऊन चढलं की उंच झाडावरून टुक्-टुक्-टुक् असा एकसारखा आवाज येतो, तो तांबट. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळ लाल. पानांत दिसत नाही, म्हणून वाळक्या शेंड्यावर बघायचं. माझं लहानपण तांबट आळीजवळ गेलं. घरात बसून ऐकलं की कळायचं नाही, भांडं ठोकताहेत की पक्षी बोलतोय. नातू टुक् मोजतो. वीसच्या पुढे गोंधळतो आणि चिडतो पक्ष्यावर.

पाडव्याला कडुलिंबाची चटणी त्यालाच खलबत्त्यात कुटायला दिली होती. पानं, गूळ, जिरं, ओवा, हिंग, मीठ. चाखून तोंड वाकडं केलं, पण "मी केलीय" म्हणून सगळ्यांना वाटत फिरला. चैत्रांगणही असंच कर. सगळं एकदम काढायला बसलीस तर पोर कंटाळेल. दारात रोज एकच चिन्ह. आज कासव, उद्या गाईची पावलं, परवा सूर्य. अक्षय तृतीयेपर्यंत पुरतं. आमच्या कासवाला सहा पाय आहेत, असू देत.

आणि हो, रुईच्या म्हाताऱ्यांमागे खुशाल पळू दे, पण रुईची पानं तोडू देऊ नकोस, चीक डोळ्यांत गेला तर वाईट. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या आम्ही खेळलो, पण त्या विषारी. लहानांच्या हाती नकोतच.

दोन_मुलांचा_बाबा:
आजींना नमस्कार. ताई, मी नागपूरचा. आमच्याकडे नऊनंतर पोरांना बाहेर काढणं म्हणजे भाजून काढणं, म्हणून आमचं सगळं गॅलरीत.

एक फरशी ठरवा. सकाळी पोरीला तिथे उभी करून सावली खडूने गिरवा, दोन तासांनी त्याच फरशीवर परत. धाकट्याला वाटलं, सावली उन्हाने आटली. मे महिन्यात तर एक दिवस भरदुपारी सरळ उभ्या वस्तूची सावली बाजूला पडतच नाही. पुण्यात १३-१४ मेच्या आसपास साडेबाराच्या सुमारास, आमच्याकडे २६ मेच्या आगेमागे. पाण्याची बाटली उभी ठेवून बघा.

दुसरं, हळदीचं पाणी पांढऱ्या कागदाला फासून वाळवा. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून त्यावर चित्र काढलं की लाल उमटतं, लिंबू पिळलं की परत पिवळं. ओटा आणि बनियन दोन्ही पिवळे होतील, सौ. काय म्हणतील ते तुमचं तुम्ही बघा.

गॅलरीतली_आई:
आठ दिवसांनी लिहितेय. हळद झाली, पडदाही झाला. कासव रोजच काढावं लागतं, दुसरं चिन्ह चालत नाही.

झाडाचं मात्र वेगळंच झालं. सोसायटीत कडुलिंब नाही. पार्किंगच्या भिंतीतून माझ्या कमरेएवढा पिंपळ उगवलाय, लेकीने तोच धरला. त्याची तांबूस, लुसलुशीत पालवी रोज गालाला लावून बघते. वहीत चार पानं झाली. काल वॉचमनदादा म्हणाले, कमिटी तो काढणार आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. आजी, काय करू?

कसब्यातली_आजी:
कमिटीचं चूक नाही गं, पिंपळ भिंत फोडतो. पण कमरेएवढाच आहे ना? जूनपर्यंत थांबायला सांग. दोन-चार पाऊस पडून भिंत ओली झाली की मूळ सोडवायला सोपं जातं. मग मोठ्या कुंडीत लाव. आणि सांगायला जाशील तेव्हा लेकीला घेऊन जा, वहीसकट.