पेटुनियाचं बी मातीत गाडू नका

पॅन्सीचं, म्हणजे त्या थंडीत फुलणाऱ्या छोट्या फुलझाडाचं, बी ऑगस्टमध्येच टाकू का असं विचारलंय, तर माझं मत नको, निदान पुण्यात तरी नको, पाऊस आणि ऑक्टोबरची उष्णता दोन्ही तिला सोसत नाही. मी दसऱ्याच्या आसपास टाकते, डिसेंबर अखेरीस फुलं येतात आणि फेब्रुवारी संपता संपता खेळ खलास, पण तेवढे दोन महिने बघत बसावं!

त्यापेक्षा पेटुनिया सोपा. फक्त बी अगदी खसखशीपेक्षा बारीक असतं, ते कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) नुसतं भुरभुरवायचं, वर माती घालायची नाही कारण त्याला उगवायला उजेड लागतो. मी पहिल्या वर्षी छान गाडून ठेवलं होतं, एकही उगवलं नाही, आणि दुकानदाराला उगाच नावं ठेवली. चार-पाच पानं आली की कुंडीत हलवा आणि शेंडा खुडा, म्हणजे बगलफुटी (बाजूच्या फांद्या) येऊन झाड भरतं.

आणि हो, शेवंती रस्त्याच्या दिव्याखाली ठेवू नका. तिला कळी धरायला रात्र मोठी आणि पूर्ण अंधारी लागते, आमच्या गॅलरीतली एक कुंडी नुसती पानंच काढत बसली होती.