‘रन’ या इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि मराठी प्रतिशब्द

प्रश्न : मी आठवी-नववीच्या वर्गांना इंग्रजी शिकवतो. ‘रन म्हणजे धावणे’ हे मुलांच्या मनात इतके पक्के बसलेले असते की ‘हर नोज इज रनिंग’ याचे भाषांतर ‘तिचे नाक धावत आहे’ असे सर्रास केले जाते. या शब्दाचे एकूण अर्थ तरी किती आहेत, आणि समानार्थी शब्दांची यादी पाठ करून घेतल्याने काही साधते का?

उत्तर १ : ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. तिसऱ्या आवृत्तीचे काम सुरू असताना ‘रन’ने तिला मागे टाकले, कोशकार पीटर गिलिव्हर यांनी नऊ महिने खपून त्याचे, केवळ क्रियापद म्हणून, ६४५ अर्थ वेगळे केले. यंत्रे, आगगाड्या आणि पुढे संगणक आले, तसतसा हा शब्द त्यांनाही लावला गेला, हे या विस्ताराचे एक मोठे कारण आहे.

उत्तर २ : यादी मुळीच पाठ करून घेऊ नये. ‘मॅनेज’, ‘ऑपरेट’, ‘फ्लो’ हे सगळे ‘रन’चे समानार्थी म्हणून छापलेले असतात, पण दुकान ‘मॅनेज’ होते, यंत्र ‘ऑपरेट’ होते आणि नदी ‘फ्लो’ होते, यांची अदलाबदल चालत नाही. मुलांना आधी कर्ता आणि कर्म शोधायला लावावे, म्हणजे मराठी क्रियापद आपोआप सुचते : नाक वाहते, धुण्यात साडीचा रंग जातो, काकू खानावळ चालवतात, नाटकाचे प्रयोग होत राहतात, रस्ता नदीच्या कडेने जातो, डब्यातली साखर संपते. बँकेवर ‘रन’ येतो, तेव्हा मात्र एका क्रियापदाने भागत नाही. ‘ठेवी काढून घेण्यासाठी खातेदारांची झुंबड उडाली’ असे सविस्तरच लिहावे लागते.

उत्तर ३ : वरील मताशी मी पूर्णपणे सहमत आहे. एक भर घालतो : अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, तर ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो, आणि आपल्याकडेही तो निवडणुकीला उभाच राहतो. शिवाय वर्गात सुरुवात ‘लागणे’ या क्रियापदापासून करून पाहावी. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, दूध करपून तळाला लागते. ही वाक्ये मुलांनाच इंग्रजीत करायला सांगितली, तर प्रत्येक वेळी वेगळे क्रियापद का घ्यावे लागते, हे त्यांना स्वतःच उमगेल.